कवड्या की मण्यार?

प्रश्न : आमच्या शेतघराच्या न्हाणीघरात रात्री काळपट, आडव्या पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला. शेजाऱ्यांनी मण्यार समजून तो मारला. त्याचे डोके त्रिकोणी नव्हते. म्हणजे तो बिनविषारी कवड्याच होता ना?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : डोक्याच्या आकारावरून असा निष्कर्ष कृपया काढू नका. घोणस आणि फुरसे यांचे डोके त्रिकोणी असते हे खरे. पण नाग आणि मण्यार हे दोन्ही जहाल विषारी असूनही त्यांचे डोके तसे नसते, तर बिनविषारी दिवड डिवचली गेली की मान चपटी करून नागाचा भास निर्माण करते.

कवड्या आणि मण्यार यांत पट्ट्यांची सुरुवात पाहावी. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने असतात, मानेजवळ पुसट किंवा नाहीसे, मात्र शेपटीकडे स्पष्ट दिसतात. मण्यारीच्या पिल्लांत पुढच्या भागावरही खुणा असल्यामुळे ही कसोटी चुकू शकते. अधिक भरवशाची खूण खवल्यांत असते आणि ती अडगळीत सापडलेल्या कातेवरही तपासता येते : मण्यारीच्या पाठीवरील मधल्या रांगेतले खवले शेजारच्या खवल्यांहून मोठे व षटकोनी असतात, आणि शेपटीखालचे खवले एकेरी असतात, कवड्याचे तेथील खवले दुहेरी असतात. जिवंत सापाजवळ जाऊन मात्र हे कधीही पाहू नये. तुमच्या घरी मारला गेलेला साप कवड्या असेल, तर भिंतीवरच्या पाली खाण्यासाठी आलेला एक निरुपद्रवी जीव हकनाक गेला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दंश झाला असेल तर ओळख पटवण्यात एक क्षणही घालवू नये. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना व सूज जवळपास नसते, आणि पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे काही तासांनी दिसू लागतात. आपल्याकडील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्याही विषावर चालते, त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. पावसाळ्यात खाटेवर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी आणि न्हाणीघराच्या मोरीला जाळी बसवून घ्यावी.