ठाण्यात राहून प्रिंटमेकिंगमध्ये (प्लेट किंवा दगडावरून ठसे घेऊन चित्रे छापण्याची कला) पदव्युत्तर शिक्षण घेता येईल का, आणि स्टुडिओत काय पाहावे?

होय, घेता येईल. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पदव्युत्तर चित्रकलेच्या अंतर्गत प्रिंटमेकिंगचा विशेष अभ्यास करता येतो आणि ठाण्याहून सीएसएमटीला थेट लोकल असल्याने रोजचे जाणे-येणे शक्य आहे. मी स्वतः काही वर्षे एचिंगचे (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून ठसे घेण्याचे) काम केले आहे, त्यामुळे एक गोष्ट आग्रहाने सांगतो: प्रेस (ठसा छापण्याची यंत्रे) किती आहेत यापेक्षा स्टुडिओ दिवसातून किती तास उघडा असतो, हे आधी विचारावे. जस्ताच्या प्लेटवर रेषा आम्लात टप्प्याटप्प्याने खोल न्याव्या लागतात, कागद आधी भिजवून ठेवावा लागतो, आणि पहिला ठसा पाहिल्यावर प्लेट बहुधा पुन्हा आम्लात जातेच. हे काम दोन-तीन तासांच्या तासिकेत बसत नाही. प्रत्यक्ष भेटीत पुढील गोष्टी पाहाव्यात:

- आम्लाच्या जागी धूर बाहेर खेचणारा पंखा आणि जवळच वाहते पाणी
- अ‍ॅक्वाटिंटसाठी (प्लेटवर सलग छटा आणण्याची एचिंगमधील पद्धत) राळेची पूड उडवण्याची बंद पेटी
- लिथोग्राफीचे (सपाट दगडावर चित्र काढून छापण्याच्या पद्धतीचे) दगड आणि ते घासण्याची सोय (दगड नुसते कोपऱ्यात रचलेले असतील, तर उपयोग नाही)

मात्र प्रिंटमेकिंग हाच स्वतंत्र विभाग हवा असेल, तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा किंवा शांतिनिकेतनचे कला भवन यांचा विचार करावा. त्यासाठी ठाणे सोडावे लागेल.