नवी सिस्टर ‘तयार’ आहे, हे ठरवतात कसं?

प्रश्न : बीएस्सी नर्सिंगला मला पहिला वर्ग मिळाला. दोन रुग्णालयांत मुलाखती दिल्या, थिअरीची उत्तरं जवळपास सगळी बरोबर आली. तरी दोन्हीकडून ‘अजून वॉर्डसाठी तयार वाटत नाही’ असंच कळवलं. आणखी काय यायला हवं?

थिअरी बरोबर आली म्हणजे पहिली चाळणी पार झाली, एवढंच. गुण आणि नोंदणी कागदावर दिसतातच, त्यासाठी कुणी तुम्हाला समोर बसवून अर्धा तास घालवत नाही. मॅट्रनच्या (रुग्णालयाच्या मुख्य सिस्टरच्या) डोक्यात वेगळंच चाललेलं असतं. रात्री अडीच वाजता हिच्या भरवशावर पेशंट सोडला, तर तो बिघडतोय हे हिला वेळेत कळेल का? आणि कळल्यावर ही कुणाला उठवेल, की सकाळची वाट बघेल?

निवड समितीवर असले की मी एक केस हमखास देते. पोटाच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. संध्याकाळी सहाला नाडी ८८, श्वास मिनिटाला १८, वरचं बीपी ११८. रात्री दहाला नाडी १०४, श्वास २२, बीपी १०८. दोनला नाडी ११८, श्वास २६, बीपी १००. ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ९६, ताप नाही, पेशंट शुद्धीवर. तो म्हणतो, “सिस्टर, जरा कसंतरीच होतंय, झोप लागत नाही.” काय कराल?

बरेच जण बीपीपाशी अडकतात. “शंभर आहे, म्हणजे ठीक आहे. तासाभराने परत बघेन.” कुणी झोपेच्या गोळीची ऑर्डर शोधतं. श्वासाच्या आकड्याकडे फारच थोड्यांची नजर जाते, कारण वॉर्डात तो बहुतेक वेळा अंदाजाने लिहिला जातो (चार्टवर ओळीने सगळ्यांचा श्वास २० दिसला की समजायचं, कुणीही मोजलेला नाही). ब्रिटनमध्ये २०१२ साली आलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली ‘नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर’ ही गुणपद्धत (गुण जितके जास्त तितका धोका जास्त) या पेशंटला लावून बघा. सहा वाजता गुण शून्य, दहाला ४, दोनला ७. त्यातले ३ एकट्या श्वासाचे. सातला त्या पद्धतीत तातडीची मदत बोलवायची असते. एकेक आकडा सुटा पाहिला तर घाबरण्यासारखा वाटत नाही. तिन्ही वेळा शेजारी ठेवल्या की पेशंट कुठे चाललाय ते दिसतं.

यात निदान सांगायची गरज नसते. आत रक्तस्राव असेल, जंतुसंसर्ग अंगात पसरत असेल, फुप्फुसात गुठळी असेल, ते डॉक्टर ठरवतील. मला ऐकायचं असतं ते असं : “आधी पेशंटजवळ जाईन. श्वास पूर्ण मिनिटभर मोजेन, हातपाय गार आहेत का बघेन, पोट, ड्रेसिंग, ड्रेन, लघवीची पिशवी तपासेन. इन्चार्जना सांगेन आणि लगेच डॉक्टरांना फोन लावेन.” क्रिस्टीन टॅनर या नर्सिंगच्या अभ्यासिकेने २००६ मध्ये क्लिनिकल निर्णयाचे चार भाग मांडले : लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि नंतर त्यावर विचार करणं. परीक्षा बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या भागाची होते. नवी मुलगी अडखळते ती पहिल्यावर, कारण प्रश्नपत्रिकेत ‘हा पेशंट बिघडतोय’ हे आधीच छापलेलं असतं.

मग मी म्हणते, “समजा मी डॉक्टर आहे, फोन लावा.” इथे पुन्हा गळती होते. “सर, तेरा नंबरच्या पेशंटला कसंतरी होतंय” एवढ्यावर झोपेतला डॉक्टर “बघतो” म्हणून फोन ठेवणार. एसबीएआर ही पद्धत याचसाठी शिकवतात. मुळात ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आली. तिच्यात चार गोष्टी ओळीने सांगायच्या : काय घडतंय, मागची हकीगत काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. म्हणजे : “सर, तेरा नंबरच्या पेशंटची नाडी सहापासून ८८ वरून ११८ वर गेलीय, श्वास २६, बीपी १००. पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. चार तासांत लघवी अगदी थोडी. मला पेशंट बिघडतोय असं वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोवर काय सुरू करू?” हे शेवटचं वाक्य धडपणे म्हणणारी मुलगी मी सहसा सोडत नाही, तिचा वर्ग कोणता का असेना.

प्रश्न : इन्फ्यूजन पंप (औषध ठरल्या वेगाने शिरेत सोडणारं यंत्र) स्वतःच हिशेब करतो. तरी मुलाखतीत औषधांची गणितं घालून उमेदवारांना घाम का फोडतात?

पंपात आकडे तुम्हीच भरता, म्हणून. ५० मिलीत २०० मिलीग्रॅम डोपामिन, पेशंट ६० किलोचा, ऑर्डर किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम. उत्तर ताशी साडेचार मिली. कुणी ४५ लिहिलं तर दशांश चिन्ह सरकलं इतपत मी समजू शकते. पण त्या वेगाने ५० मिलीची सिरिंज तासाभरात संपेल हे तिच्या मनात येतं का, यावर माझं लक्ष असतं. उत्तर काढून झाल्यावर “हे एवढं कसं?” म्हणून स्वतःच थबकणाऱ्या उमेदवाराला मी पुन्हा कागद देते.

याच जोडीला आणखी एक प्रश्न ठेवतात, तोही सांगून टाकते. ‘सीनियर डॉक्टर घाईत म्हणतात, पोटॅशियम क्लोराइडचं अँप्युल तसंच शिरेतून दे. काय कराल?’ न मिसळलेलं पोटॅशियम झटकन शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. “देणार नाही, विचारेन, लेखी ऑर्डर पाहीन, इन्चार्जना बोलवेन” यातलं काहीही चालतं. “सरांनी सांगितलं म्हणून देईन” हे चालत नाही, आणि त्यावर मुलाखत तिथेच संपलेली मी पाहिली आहे.

प्रश्न : मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. आम्ही मुलींना तयार करून पाठवतो आणि रुग्णालयं म्हणतात, ‘यांना काहीच येत नाही.’ कुणाचं खरं?

हे भांडण तुमच्या कॉलेजपुरतं नाही. अमेरिकेत २००८ च्या एका सर्वेक्षणात नर्सिंग शिक्षणातल्या सुमारे ९० टक्के प्रमुखांना आपले पदवीधर सुरक्षित सेवा द्यायला पूर्ण तयार वाटत होते. रुग्णालयांच्या प्रमुखांत तसं म्हणणारे होते जेमतेम १० टक्के. मुली त्याच, पदवी तीच. डोरोथी डेल ब्यूनो यांनी २००५ मध्ये मांडलेल्या आकड्यांत, क्लिनिकल निर्णयाच्या बाबतीत कामाच्या सुरुवातीला अपेक्षित पातळी गाठणारे नवे पदवीधर ३५ टक्केच होते.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. कॉलेज बघतं की मुलीला कॅथेटर नीट घालता येतो का, एका पेशंटचा केअर प्लॅन लिहिता येतो का. वॉर्ड बघतो की पाच पेशंटपैकी एकाला उलटी होतेय, दुसऱ्याचं सलाईन संपलंय, तिसऱ्याला ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायला ट्रॉली येऊन उभी आहे आणि चौथ्याचे नातेवाईक दारात भांडतायत, अशा वेळी ही आधी कुणाकडे जाते. हे तुमच्या प्रात्यक्षिकात येतच नाही. रुग्णालयांचीही चलाखी आहे हं. आपल्याकडे शिकवायला माणूस नाही, हे उघड सांगण्यापेक्षा ‘कॉलेजं बरोबर शिकवत नाहीत’ म्हणणं सोयीचं पडतं.

करण्यासारखं एक : शेवटच्या सत्रात प्रत्येकीला देखरेखीखाली काही सलग ड्यूट्या पूर्ण पेशंटलोडसह द्या, हँडओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं) घेण्यापासून देण्यापर्यंत. वॉर्ड मिळत नसेल तर सिम्युलेशनला, म्हणजे बनावट पेशंटवर खऱ्यासारख्या प्रसंगाच्या सरावाला, नाक मुरडू नका. अमेरिकेच्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये दहा कॉलेजांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्यापर्यंत क्लिनिकल तासांच्या जागी दर्जेदार सिम्युलेशन दिलं, आणि नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत मॅनेजरांनी केलेल्या मूल्यमापनात फरक दिसला नाही. ‘दर्जेदार’ या अटीसकट वाचा. बाहुलीला इंजेक्शन टोचून सही घेणं त्यात बसत नाही.

प्रश्न : मी वॉर्ड इन्चार्ज आहे. एक नवी सिस्टर लागून चार महिने झाले. काम प्रामाणिक, पण हळू, आणि प्रत्येक गोष्ट विचारते. प्रोबेशनच्या फॉर्मवर काय लिहू?

आधी हे बघा की ती काय विचारते. पहिल्या महिन्यात प्रश्न असतो, “हे कसं करायचं?” पुढे तो बदलायला हवा : “मी हे असं करतेय, बरोबर ना?” आणि त्यापुढे, “हा पेशंट मला बरा वाटत नाही, जरा बघता का?” चार महिन्यांत प्रश्नांची जात बदलली असेल तर ती शिकतेय, मग संख्या कितीही असो. त्याच इन्फ्यूजन पंपाचं तेच बटण ती अजून विचारत असेल, तर मात्र तारीख घालून लिहून ठेवा आणि तिच्याशी बोला.

पॅट्रिशिया बेनर यांनी नर्सच्या वाटचालीचे नवशिकी ते तज्ज्ञ असे पाच टप्पे सांगितले. नवी पदवीधर त्यात दुसऱ्या पायरीवर येते. तिसऱ्या, म्हणजे ‘सक्षम’ म्हणता येईल अशा पायरीवर पोचायला एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं लागतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे चार महिन्यांच्या मुलीची तुलना तुम्ही तुमच्या दहा वर्षांच्या सिस्टरशी करत असाल, तर फॉर्मवरचा शेरा तिच्यापेक्षा तुमच्याबद्दल जास्त सांगेल.

वेग हा सगळ्यात शेवटी येतो. हळू काम करणारी मुलगी सहसा सुधारते. मला भीती वाटते ती दुसरीची, जी कधीच काही विचारत नाही, जिचे चार्ट नेहमी वेळेत भरलेले असतात आणि जिच्या हातून कधी काही राहिल्याची नोंदच नसते. तिचा श्वासाचा रकाना एकदा उघडून बघाच.

आणखी एक सांगते, थोडं कडू आहे. कॉलेजात शिकलेलं आणि वॉर्डात चालतं ते यांच्यात अंतर पाहून नव्या नर्सला बसणाऱ्या धक्क्यावर मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच लिहिलं. वॉर्डात “हे कॉलेजमध्ये शिकवलं नाही का?” असं चारचौघांत एकदा बोललं गेलं, की ती मुलगी विचारणं बंद करते. तिला रोज वेगळ्या सीनियरबरोबर लावली असेल, तर आधी ते थांबवा. एकच ठरलेली सीनियर द्या, दर आठवड्याला दहा मिनिटं बसवा, आणि फॉर्म त्यानंतर भरा.

प्रश्न : लॉगबुकात सगळ्या प्रोसिजरवर सह्या आहेत, पण राईल्स ट्यूब (नाकातून जठरात घालायची नळी) मी स्वतः फक्त एकदाच घातली. बाकी वेळा बघितलं. मुलाखतीत काय सांगू?

जसं आहे तसं. “पायऱ्या माहीत आहेत, ट्यूब जागेवर गेली की नाही हे कसं तपासायचं तेही माहीत आहे, हाताने एकदाच केलंय, पहिल्या काही वेळा कुणीतरी सोबत हवं.” लॉगबुकातल्या सह्या कशा मिळतात हे समोरच्यांना ठाऊक असतं, त्यांनीही त्या तशाच मिळवलेल्या असतात. ट्यूब घालणं आठवड्यात शिकवता येतं. न येणारं ‘येतं’ म्हणून सांगणाऱ्या माणसाला एकटं सोडता येत नाही.

प्रश्न : मी एका लहान रुग्णालयात एचआर बघतो, वैद्यकीय पार्श्वभूमी नाही. मुलाखतीला प्रत्येकी वीस मिनिटं मिळतात. त्यात काय बघावं?

‘स्वतःबद्दल सांगा’ आणि ‘पाच वर्षांनी कुठे असाल’ हे दोन प्रश्न आधी काढून टाका, दहा मिनिटं तिथेच वाचतील. सगळ्यांना तेच दोन प्रसंग, त्याच क्रमाने द्या. उत्तरात काय आलं की किती गुण, हे इन्चार्ज सिस्टरकडून आधी लिहून घ्या आणि तिला शेजारी बसवा. गप्पा मारून माणूस ओळखतो असं वाटणाऱ्यांची निवड बहुधा स्वतःसारख्या बोलणाऱ्या उमेदवारावर पडते, आणि वॉर्डात बोलघेवडेपणाचा उपयोग मर्यादित.

कॉलेजकडून शिफारसपत्र मागवता तेव्हा प्राचार्यांपेक्षा क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला फोन करा आणि एकच विचारा : “तुमच्या घरचं माणूस ऍडमिट असेल तर रात्रपाळीला ही मुलगी चालेल का?” उत्तरापेक्षा उत्तराआधी घेतलेला वेळ मोजा.

प्रश्न : मी मेल नर्स आहे. आवाज मुळातच हळू. ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा प्रत्येक ठिकाणी मिळतो. क्लास लावू का?

नको. क्लासमध्ये छाती काढून बोलायला शिकवतील, आणि फाजील आत्मविश्वासाला अनुभवी इन्चार्ज जास्त बिचकते. तुमची अडचण बहुधा आवाजाची नसून वाक्य अर्धवट सोडण्याची असावी. “तसं बघितलं तर... कदाचित डॉक्टरांना...” असं न बोलता “डॉक्टरांना कळवेन” असं म्हणून थांबा. हळू आवाजातही ते ठाम ऐकू येतं. वरची ऑपरेशनवाली केस घ्या, मित्राला डॉक्टर करा आणि खरोखर फोनवरून, समोर न बसता, सराव करा. तो मुद्दाम “सकाळी बघू” म्हणेल तेव्हा तुम्ही काय म्हणता, ते रेकॉर्ड करून ऐका.