वाचकांचे प्रश्न: सद्दाम गेला, मग टोळ्या कुठून आल्या?

प्रश्न : नमस्कार सर. आमच्या गावात रिटायर्ड फौजी भरपूर, संध्याकाळी पारावर बसलं की जगाचं राजकारण सुरू. परवा इराकचा विषय निघाला. सद्दामसारखा हुकूमशहा गेला म्हणजे लोक सुटले पाहिजे होते ना, मग उलट अपहरण, खंडणी, तस्करी एवढी कशी काय वाढली? एकजण म्हणाला तिथली माणसंच तसली. मला पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही.
– एक वाचक, अपशिंगे, जि. सातारा

उत्तर : दादा, तुम्हाला पटलं नाही तेच बरोबर आहे. माणसं तीच होती, पोलीस, कोर्ट आणि पगार गेला.

अमेरिकेने 2003 मध्ये इराकवर हल्ला करून सद्दामला हटवलं, पण याची सुरुवात त्याच्या आधीची आहे. 1990 मध्ये सद्दामने शेजारचा कुवेत देश गिळला म्हणून इराकवर व्यापाराचे निर्बंध आले, आणि मग सरकारच चोरून तेल विकायला लागलं, ट्रक भरभरून, बॉर्डरवरच्या टोळ्यांना हाताशी धरून. म्हणजे तस्करीची सगळी साखळी आधीच तयार होती, फक्त तिच्यावर सद्दामचा धाक होता. त्यात ऑक्टोबर 2002 मध्ये त्याने माफी जाहीर करून तुरुंगच रिकामे केले, त्यात खुनी दरोडेखोर पण सुटले. 9 एप्रिल 2003 ला बगदाद पडलं, पोलीस घरी पळाले, आणि अमेरिकन सैन्य तेल मंत्रालयाबाहेर पहारा देत असताना तिकडे राष्ट्रीय म्युझियम लुटलं जात होतं, जवळपास 15,000 वस्तू गेल्या. विजेच्या हाय टेन्शन लाईनी तोडल्या, तांबं वितळवून बॉर्डरपार विकलं. ही नुसती भुकेल्या लोकांची लूट नव्हती हो, एवढा माल विकायला गिऱ्हाईक आणि ट्रक आधीच ठरलेले लागतात.

आणि मग तो निर्णय, जो मला आजही पटत नाही. 23 मे 2003 ला अमेरिकन प्रशासक पॉल ब्रेमर यांनी अख्खं इराकी सैन्य बरखास्त केलं. तुमच्या पारावरच्या फौजींना विचारा, उद्या एका सहीवर पगार, पेन्शन, हुद्दा सगळं गेलं तर काय वाटेल. लाखो माणसं, हत्यार चालवायचं ट्रेनिंग घेतलेली, बंदूक घरात, दारूगोळ्याची कोठारं उघडी. निदर्शनं झाली तेव्हा कुठे महिन्याभराने भत्ता जाहीर केला, तोवर बऱ्याच जणांना दुसरे मालक मिळाले होते.

पेट्रोलचं तर बघाच. सरकारी दर लिटरला साधारण 20 दिनार, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या पण आत, आणि बॉर्डरपलीकडे कितीतरी पट भाव. आपल्याकडे रेशनचं निळं रॉकेल टँकरमधून परस्पर भेसळीला जायचं ना, तोच धंदा, फक्त अख्ख्या देशाचा. बगदादवाला दिवसभर पंपावर लाईनीत उभा आणि टँकर रात्री शेजारच्या देशात. यातला पैसा टोळ्यांना, मिलिशियांना (म्हणजे खासगी सशस्त्र गटांना) आणि बंडखोरांना, तिघांनाही जायचा, त्यामुळे कोण गुन्हेगार आणि कोण लढणारा हे वेगळं काढताच येईना. डिसेंबर 2005 पासून दर वाढवले, पण तोवर या टोळ्यांची मुळं खोल गेली होती.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते अपहरणाचं. डॉक्टर, दुकानदार, शाळेत जाणारी पोरं. फोन यायचा, डॉलरमध्ये आकडा सांगायचे, घरच्यांनी गाडी विकायची, दागिने विकायचे, घासाघीस करून थोडं कमी करून घ्यायचं. पोलिसात जायची सोय नाही, कारण युनिफॉर्ममधलाच कोणी सामील असला तर? कधी एक टोळी माणूस दुसऱ्या गटाला विकायची पण. कितीतरी डॉक्टर देश सोडून गेले, म्हणजे हॉस्पिटलं उभी पण आत सर्जन नाही.

हे फक्त इराकचंच नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, अमेरिका-ब्रिटनचं दोस्त सैन्य इटलीच्या सिसिली बेटावर उतरलं आणि तिथल्या व्हिलाल्बा गावाचा मेयर म्हणून त्यांनी कालोजेरो विझिनीला बसवलं, जो माफियाचा बडा माणूस! परक्या सैन्याला गावात कोण कोण आहे हे कळत नाही, जो समोर येऊन मी व्यवस्था बघतो म्हणतो त्याच्या हातात शिक्का देतात.

आणि इराकचं पुढे काय झालं विचाराल तर 2014 मध्ये आयसिस या दहशतवादी संघटनेने मोसुल शहर घेतलं, तेलविहिरी ताब्यात घेतल्या, तेव्हा ते तेल बाहेर काढायला निर्बंधांच्या काळातले तेच रस्ते आणि तेच दलाल कामाला आले.