हायकोर्टाची जज व्हायचंय, पण त्याची परीक्षाच नसते!

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं, आणि घरात काय चाललंय ते सगळं मोकळेपणाने लिहिलंत ते बरं केलंत. म्हणजे लेक बारावी कॉमर्सला, कॉलेजमध्ये महिला दिनाला तिने अ‍ॅना चांडींवर, म्हणजे देशातल्या हायकोर्टातल्या पहिल्या महिला न्यायमूर्तींवर, प्रोजेक्ट केला, आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय की मला हायकोर्टाची जज व्हायचंय. तिचा मामा पुण्यातल्या जजच्या परीक्षेच्या क्लासची फी आत्ताच भरायला निघालाय. आणि तिच्या बाबांचं म्हणणं की वकिली म्हणजे नाशकात सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाच्या गेटावर काळा कोट घालून पक्षकार शोधत उभं राहायचं, मुलीला कशाला त्यात घालायचं. तुम्ही विचारलंय परीक्षा कोणती, वर्षं किती, खर्च किती, आपल्या घरात कोणी वकील नाही त्याचं काय, आणि शेवटी हळूच, लग्नाचं काय.

आधी परीक्षेचं. हायकोर्टाच्या जजची परीक्षा नसते ताई, फॉर्मच नसतो. घटनेच्या 217 व्या कलमात पात्रता दिलीय, भारताचा नागरिक असावा आणि 10 वर्षं न्यायाधीशाचं पद सांभाळलेलं असावं नाहीतर 10 वर्षं हायकोर्टात वकिली केलेली असावी. पण 10 वर्षं झाली म्हणून कोणी अर्ज करू शकत नाही, हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन सीनियर जज मिळून नावं सुचवतात, ती सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमकडे, म्हणजे तिथल्या सीनियर जजच्या गटाकडे जातात, मग केंद्र सरकार, मग राष्ट्रपतींची सही. म्हणजे तुमचं काम कोणीतरी वर्षानुवर्षं बघितलेलं असतं तेव्हा नाव पुढे जातं. म्हणून मी पोरांना सांगते की हायकोर्ट जज हे टार्गेट म्हणून भिंतीवर लिहा हवं तर, पण रोज सकाळी उठून ज्यासाठी अभ्यास करायचा ते काम दुसरं आहे, चांगली वकील होणं किंवा चांगली सिव्हिल जज होणं.

लेकीने चांडीबाईंवर प्रोजेक्ट केलाच आहे तर तिला फक्त तारखा परत एकदा लिहून काढायला सांगा. जन्म 1905 चा, त्रिवेंद्रमचा. 1926 ला कायद्याची पदवी, केरळमधल्या पहिल्या महिला. 1929 पासून वकिली, तीही बरीचशी क्रिमिनल. 1937 ला मुन्सफ, म्हणजे आजच्या भाषेत खालच्या कोर्टाच्या सिव्हिल जज. 1948 ला जिल्हा न्यायाधीश. आणि 9 फेब्रुवारी 1959 ला केरळ हायकोर्टात, देशातल्या कुठल्याही हायकोर्टातली पहिली महिला न्यायमूर्ती. मोजा, कोर्टात पाय ठेवल्यापासून 30 वर्षं! आणि ही 30 वर्षं काही नुसती वाट बघण्यात गेली नाहीत. 'श्रीमती' नावाचं मासिक काढलं, बायकांना सरकारी नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत म्हणून 1928 मध्ये, वकिली सुरू व्हायच्याही आधी, भर सभेत एका मोठ्या विद्वानाचे मुद्दे एकेक करून खोडले, निवडणूक लढवली, हरल्या, बदनामी सहन केली, परत उभं राहून निवडून आल्या. प्रोजेक्टमध्ये 'पहिल्या महिला न्यायमूर्ती' ही एक ओळ मोठ्या अक्षरात येते आणि मधली 30 वर्षं चार ओळीत उरकतात, आपल्याकडच्या प्रोजेक्टचं ते नेहमीचंच आहे, शिक्षकांनाही फोटो मोठा लागतो.

आता रस्ते दोन. एक चांडीबाईंचा, म्हणजे खालच्या कोर्टातून वर. ह्याच रस्त्याने फातिमा बीवी गेल्या, त्यांचं उदाहरण तर मला जास्त आवडतं कारण पायऱ्या अगदी स्पष्ट दिसतात. 1958 मुन्सफ, 1968 सब जज, 1974 जिल्हा न्यायाधीश, मधे इन्कम टॅक्स ट्रायब्युनल, 1983 केरळ हायकोर्ट, आणि तिथून रिटायर झाल्यावर 1989 च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. दुसरा रस्ता आपल्या मुंबईच्या सुजाता मनोहरांचा. 1958 पासून बॉम्बे हायकोर्टात वकिली, 20 वर्षांनी 1978 मध्ये तिथल्याच जज, 1994 ला तिथल्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्ट. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होऊ नये म्हणून 1997 चा जो विशाखा निकाल आहे ना, तो देणाऱ्या तीन जजमध्ये त्या होत्या. बॉम्बे हायकोर्ट सुरू झालं 1862 ला आणि तिथे पहिली महिला जज बसली 1978 ला, हे एक वाक्य लेकीच्या बाबांना वाचून दाखवा, ते "मुलीला कशाला" म्हणाले की.

कुठला रस्ता घ्यायचा हे मार्कांवर ठरत नाही, स्वभावावर ठरतं. सिव्हिल जजला दर तीनेक वर्षांनी बदली, पहिलं पोस्टिंग नाशिकपासून लांब एखाद्या तालुक्यालाही मिळू शकतं, गावात फार कोणाशी मिसळता येत नाही, पण पगार ठरलेला, सुरुवातीचं मूळ वेतन 77,840 आणि वर भत्ते. वकिलीत पहिली दोन-चार वर्षं सीनियर देईल त्यात भागवायचं, कधीकधी तेवढंही नाही, हे मी लपवणार नाही. पण मोकळीक असते आणि नाव झालं की मग विचारायलाच नको. हायकोर्टात जजच्या साधारण एक तृतीयांश जागा जिल्हा न्यायाधीशांमधून भरतात आणि बाकीच्या वकिलांमधून, म्हणजे दार दोन्हीकडून उघडं आहे. फरक एवढाच की हायकोर्टाचे जज 62 ला रिटायर होतात, आणि खालून येणारे बरेचदा पन्नाशीत पोचतात, त्यामुळे हायकोर्टात वर्षं कमी मिळतात. खालच्या रस्त्याने जायचं तर लवकर सुरुवात केलेली बरी.

आणि इथेच मामांचा क्लास येतो. मामा जे सांगतायत ते जुनं झालं. आधी आपल्याकडे चांगल्या मार्कांनी पास झालेल्या फ्रेश लॉ ग्रॅज्युएटला थेट जेएमएफसीच्या, म्हणजे खालच्या कोर्टाच्या सिव्हिल जज आणि मॅजिस्ट्रेटच्या परीक्षेला बसता यायचं. पण 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की सिव्हिल जजच्या परीक्षेला आधी किमान तीन वर्षं वकिली हवी. त्यामुळे बारावी 18 ला, पाच वर्षांचं लॉ 23 ला, प्रॅक्टिस 26 पर्यंत, मग एमपीएससीची जाहिरात कधी निघते त्यावर, प्रिलिम 100 मार्कांची, मेन्सचे दोन पेपर मिळून 200, इंटरव्ह्यू 50. सगळं नीट जमलं तर सत्तावीस-अठ्ठावीसला खुर्चीत. आता 18 वर्षांच्या पोरीने 26 व्या वर्षीच्या परीक्षेचा क्लास आज लावायचा म्हणजे साखरपुड्याआधीच बारशाचा हॉल बुक करण्यासारखं आहे. जाहिरातीतल्या अटी, वयोमर्यादा, सगळं त्या त्या वेळी वाचायचं, आत्ता नाही.

काही लोकांना हा तीन वर्षांचा नियम जाचक वाटतो, विशेषतः ज्यांच्या घरी पैशाची ओढाताण आहे त्यांना, आणि त्यांचं चूक नाही, तीन वर्षं बिनपगारी काढायची म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. तरी माझं मत नियमाच्या बाजूने झुकतं. ज्या मुलीने स्वतः कधी दावा ड्राफ्ट केला नाही, कैफियत म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर वाचलं नाही, साक्षीदार उलटतपासात कसा गडबडतो ते बघितलं नाही, तिने थेट खुर्चीवर बसून पन्नाशीच्या वकिलांना आवरायचं हे अवघडच.

घरात वकील नाही म्हणून तुम्ही काळजी करताय. खोटं कशाला बोलू, फायदा होतोच, सुजाता मनोहरांचे वडील स्वतः गुजरात हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले होते. पण फातिमा बीवींचे वडील साधे सरकारी नोकर, त्यांनी अ‍ॅना चांडींचं नाव ऐकलं आणि सायन्स शिकलेल्या लेकीला लॉला घातलं. 1950 ला तिने बार कौन्सिलच्या परीक्षेत पहिला नंबर काढला. म्हणजे त्या घरातही वकील नव्हता, एक बाप होता ज्याला दुसऱ्याच्या लेकीचं बघून आपली लेक दिसली. हेही बाबांना ऐकवा, पण जेवण झाल्यावर, आधी नको.

खर्चाचं थोडक्यात. नाशकात एनबीटी लॉ कॉलेज आहे, मविप्र संस्थेचं लॉ कॉलेज आहे, दोन्हीकडे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या लॉ सीईटी प्रवेश परीक्षेवरून. ओपनला बारावीत 45 टक्के लागतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं असेल तर क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, ती डिसेंबरात असते, फी मात्र बरीच जास्त. घरी राहून नाशकात शिकली तर खर्च आटोक्यात राहतो आणि मला तरी त्यात काही कमीपणा वाटत नाही, खालच्या कोर्टाचं कामकाज मराठीत चालतं, इथली मुलगी तिथे पहिल्या दिवसापासून उभी राहू शकते. सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, पूर्वी हजारोंनी पैसे घ्यायचे, 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ओपनला 750 आणि एससी-एसटीला 125 रुपयांच्या वर घ्यायचे नाहीत. आणि हायकोर्टात प्रॅक्टिस करायची झाली तर नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो, नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून हायकोर्ट करणारे वकील आहेत की आपल्याकडे.

लग्नाचं. लीला सेठ लंडनला गेल्या त्या नवऱ्याच्या नोकरीमुळे, हातात लहान मूल. बारचा, म्हणजे बॅरिस्टरचा कोर्स घेतला कारण त्याला रोज हजेरी लागत नव्हती, आणि 1958 ला त्या परीक्षेत पहिल्या आल्या. मग पाटणा हायकोर्टात 10 वर्षं वकिली, 1978 ला दिल्ली हायकोर्टाच्या पहिल्या महिला जज, 1991 ला हिमाचलला, देशातल्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती. चांडीबाईंचे मिस्टर पोलीस खात्यात होते. त्यामुळे लग्न होईल तेव्हा होईल, फक्त स्थळ बघताना बदलीची नोकरी आहे हे आधी सांगायचं, लपवायचं नाही.

एक गंमत तुमच्या लेकीला सांगा, तिच्या प्रोजेक्टमध्ये बहुतेक नसेल. ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पहिली बाई कॉर्नेलिया सोराबजी, ती जन्मली आपल्या नाशकात, 1866 ला. 1892 ला ऑक्सफर्डची परीक्षा दिली, पण बायकांना वकिली करता येईल असा कायदा इथे झाला तो 1923 ला. जवळजवळ तीस वर्षं शिक्षण हातात आणि वकील म्हणून कोर्टात उभं राहायला बंदी. मुन्सफ, जज ह्या तर फार पुढच्या गोष्टी.

आता करायचं काय तर बारावी नीट द्या, सीईटीचा फॉर्म वेळेवर भरा. परीक्षा संपली की सुट्टीत लेकीला घेऊन चार-पाच दिवस जिल्हा कोर्टात जा, खुल्या कोर्टात मागच्या बाकावर कोणालाही बसता येतं, गेटवर पिशवी तपासतात तेवढंच. मोबाईल बंद ठेवा. सकाळी 11 ला बसायचं, तारखांवर तारखा ऐकायच्या, बहुतेक वेळ काहीच घडणार नाही, कंटाळा येईल, ते तिला दिसू दे. बाबांनाही न्या, त्यांना गेटाबाहेरचंच कोर्ट माहीत आहे. चौथ्या दिवशी पोरगी स्वतःहून म्हणाली की आई उद्या त्या केसमध्ये साक्ष आहे, जायचंय, तर मला कळवा, मग आपण कॉलेजची लिस्ट घेऊन बसू. नाही म्हणाली तरी कळवा, कॉमर्सवाल्यांना रस्ते कमी नाहीत.

आणि मामांना सांगा क्लासची फी आत्ता राहू द्या, फारच हौस असेल तर भाचीला राज्यघटनेची मराठी प्रत घेऊन द्या.