राणीची ‘निष्ठा’ आणि तिचे ‘इमान’

विचारणा अशी आहे : एका अद्भुतरम्य कादंबरीची नायिका पतीच्या निधनानंतर, मनात नसताना, अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्यकारभार हाती घेते. शेजारचे बलाढ्य साम्राज्य तिच्या वडिलांचे आहे आणि माहेर व सासर दोघेही तिच्यावर हक्क सांगतात. तिच्यासंबंधी ‘दुहेरी निष्ठा’ आणि ‘अनिच्छुक राणी’ असे लिहावे का, आणि ‘निष्ठा’ या शब्दाचे अनेकवचन होते का?

अनेकवचन होते. भाषा, विद्या, कथा यांप्रमाणेच प्रथमेत रूप बदलत नाही (‘तिच्या निष्ठा’), आणि सामान्यरूपात अनुस्वार येतो (‘निष्ठांमध्ये’). व्याकरणाची अडचण नाही. अडचण अर्थच्छटेची आहे. या शब्दाच्या मुळाशी ‘स्था’ म्हणजे उभे राहणे हा धातू आहे, त्यामुळे एका जागी पाय रोवून असणे हा भाव त्यात पक्का मुरलेला आहे. ‘एकनिष्ठ’ ही आपल्याकडे स्तुती ठरते ती त्यामुळेच. ‘दुहेरी निष्ठा’ म्हटले की वाचकाच्या कानाला आरोप ऐकू येतो, जणू ती राणी दरबारात एक बोलते आणि पाठीमागे दुसरेच करते. फितुरीचा संशय घेणाऱ्या एखाद्या सरदाराच्या तोंडी हा प्रयोग शोभेल. निवेदकाने तो करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहून चांगला मार्ग असा, की तिच्यावरच्या प्रत्येक हक्काला त्याचा वेगळा शब्द द्यावा. निष्ठा आपण होऊन ‘वाहिली’ जाते, आणि ती कोणावर तरी असते. इमान मात्र कोणाशी तरी असते. मुळात श्रद्धा या अर्थाचा हा अरबी शब्द मराठीत खाल्ल्या मिठाशी जोडला गेला. म्हणून आपण इमान ‘राखतो’, इमानाला ‘जागतो’, आणि कोणी ते ‘विकले’ तर त्याला बेइमान म्हणतो. ज्या राज्याचे अन्न ती इतकी वर्षे खात आली त्याच्याशी तिचे इमान आहे, आणि मुलाच्या गादीवर तिची निष्ठा आहे, असे लिहिले की दोन भावना आपोआप वेगळ्या उमटतात. माहेराचा हक्क या दोहोंतही बसत नाही. तो रक्ताचा आहे, आणि त्याला ‘कूळ’ हाच शब्द योग्य.

कादंबरीतील हा प्रसंग विदर्भाच्या इतिहासात खरोखर घडलेला आहे. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटक घराण्यात दिली होती. पती दुसरा रुद्रसेन वारल्यावर तिने लहान मुलाच्या वतीने कारभार पाहिला. पुणे ताम्रपट या नावाने ओळखले जाणारे तिचे दानपत्र नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून, दिलेले आहे. वाकाटकांच्या राज्यातले हे दानपत्र सुरू होते ते गुप्तांच्या वंशावळीने, आणि गोत्रही ती वडिलांचेच, ‘धारण’, सांगते. मुद्रेवर मात्र वाकाटक युवराजाची जननी म्हणून तिचे शासन, म्हणजे राजाज्ञा, कोरलेले आहे. स्वतःला ती ‘उभयकुलालंकारभूता’, म्हणजे दोन्ही कुळांचे भूषण, म्हणवते. हे विशेषण वडिलांच्या गुप्तकुलाचा व आईच्या नागकुलाचा उल्लेख झाल्यावर लगेच येते, म्हणून ती दोन कुळे माहेरचीच समजावी लागतात; सासरच्या नात्याने ती त्यानंतर रुद्रसेनाची ‘अग्रमहिषी’ (पट्टराणी) आणि युवराज दिवाकरसेनाची ‘जननी’ होते. मनातून ती कोणाची होती हे ताम्रपट सांगत नाही, पण प्रत्येक नात्यासाठी त्यात स्वतंत्र शब्द आहे, आणि कादंबरीकाराने घेण्यासारखे आहे ते हेच.

तिच्या घालमेलीसाठी ‘इकडे आड, तिकडे विहीर’ वापरू नये, कारण त्यात दोन्हीकडे केवळ घात असतो. ‘पेच’ हा डावपेचांतला शब्द आहे. तो बुद्धीने सुटतो. दोन्ही बाजूंचे मागणे रास्त असून एकाला होकार देताना दुसऱ्याचा अपराध घडतो, त्या अवस्थेला मराठीत ‘धर्मसंकट’ हाच नेमका शब्द आहे. रोजच्या कारभारातील चढउतारांसाठी ‘ओढाताण’ पुरेशी आहे.

राहिला ‘अनिच्छुक’. हे विशेषण ‘कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर मागते : विवाहास अनिच्छुक, राज्यपद स्वीकारण्यास अनिच्छुक. नुसते ‘अनिच्छुक राणी’ म्हटले की अर्थ अर्धाच राहतो आणि भाषा सरकारी अर्जाची वाटते. मराठी अशा वेळी क्रियापदाकडे वळते. निवेदनात ‘राज्याचा भार तिच्यावर येऊन पडला’ असे गंभीरपणे लिहिता येईल. तीच गोष्ट ती आपल्या जुन्या दाईजवळ बोलत असेल, तर ‘हे राज्य माझ्या गळ्यात पडलं गं’ हे वाक्य अधिक खरे वाटेल, कारण ‘गळ्यात पडणे’ यात नको असलेले सोसण्याची तक्रार आहे आणि ती तक्रार फक्त जवळच्या माणसापाशीच करता येते.