वाचकांचे प्रश्न : दांड्या, सांधे आणि वक्ररेषा

प्रश्न : दांड्या-सांध्यांनी सरळ रेषा काढणारी पोसेलिए यंत्रणा बनवली. लांब दांड्या 200 मिमी, समभुज चौकोनाच्या बाजू 80, फिरती दांडी 80. तरी रेषा किंचित बाकदार येते, टोके मुख्य खिळ्यापासून (जिथे लांब दांड्या जोडल्या आहेत) दूर जातात. दांड्या पुन्हा मोजल्या, बरोबर आहेत.

उत्तर : आता पाटावरच्या दोन खिळ्यांतले, म्हणजे मुख्य खिळा आणि फिरत्या दांडीचा खिळा यांतले, अंतर मोजा. 1864 सालच्या या यंत्रणेत मुख्य खिळ्यापासून चौकोनाचा जवळचा कोपरा आणि समोरच्या कोपऱ्यावरचे पेन यांच्या अंतरांचा गुणाकार कायम 200² − 80², म्हणजे 33,600 राहतो. फिरती दांडी जवळच्या कोपऱ्याला ज्या वर्तुळात फिरवते ते मुख्य खिळ्यातून गेले तरच पेन सरळ चालते. म्हणून खिळ्यांतले अंतर फिरत्या दांडीइतकेच, 80 हवे. 81 झाले की 16.7 मीटर त्रिज्येचा कंस निघतो आणि 340 मिमी लांबीत जवळजवळ 0.9 मिमी बाक येतो. टोके दूर वळतात म्हणजे अंतर जास्त आहे. खिळ्याकडे वळली असती तर कमी. फिरत्या दांडीच्या खिळ्यासाठी पाटात लांबट खाच ठेवा, रेषा पट्टीला जुळेपर्यंत सरकवा, मग बोल्ट आवळा. रेषेच्या मध्यापासून 185 मिमीवर चौकोन पुरता मिटतो, तिथे सांध्यांतली थोडीशी ढिलाईही पेन भरकटवते. 170 च्या पुढे जाऊ नका.

प्रश्न : 8 च्या आकाराचा लेम्निस्केट काढताना पेन मध्येच वर्तुळावर जाते, कधी अडकते. खिळ्यांतले अंतर 200, छोट्या दांड्या 141.4, त्यांची टोके जोडणारी जोडदांडी 200, पेन तिच्या मध्यावर.

उत्तर : मापे अचूक आहेत. 8 च्या दोन्ही टोकांना चारही सांधे एका ओळीत येतात. तिथून यंत्रणेला दोन वाटा असतात : दांड्या एकमेकींच्या उलट फिरल्या तर 8, एकाच दिशेने फिरल्या तर 141.4 त्रिज्येचे वर्तुळ. टोकाशी आल्यावर दोन्ही छोट्या दांड्या हातात धरून उलट दिशांनी पुढे सरकवा.

अडकण्याचे कारण वेगळे, आणि ते कागदावरच्या आकृतीत दिसत नाही. टोकाशी पेन नेमके एका छोट्या दांडीवर येते. कागद खाली असेल तर तिलाच धडकते. जोडदांडी छोट्या दांड्यांच्या खाली घेतली तर ती खिळ्याला धडकते, कारण त्याच क्षणी ती खिळ्यावरून जाते. तेव्हा खिळे खालच्या पाटात ठोकूच नका, वरच्या चौकटीला टांगा. वर चौकट, मग छोट्या दांड्या, सर्वांत खाली जोडदांडी आणि पेन. खिळ्यांची खालची टोके दांडीत बुडवा, बाहेर डोकावू देऊ नका. सांधे मध्यापासून 241 मिमीपर्यंत जातात, म्हणून चौकटीचे पाय 270 च्या पलीकडे ठेवा.

प्रश्न : कोणताही वक्र दांड्यांनी काढता येतो का?

उत्तर : बहुपदी समीकरणाने मांडता येणाऱ्या वक्राचा मर्यादित भाग येतो, असा सिद्धांत इंग्रज गणितज्ञ केंप यांनी 1876 मध्ये मांडला. लाटेसारखा साइन वक्र किंवा आर्किमिडीजचे सर्पिल मात्र नुसत्या दांड्या-सांध्यांनी अचूक निघत नाही. केंप यांच्या पद्धतीने साध्या वक्रालाही दांड्यांचा ढीग लागतो, म्हणून प्रत्यक्ष बनवायला त्या-त्या वक्राची खास यंत्रणाच घ्यावी.