म्युनिकला येतोयस, तर शांत स्वभावाविषयी

अमळनेरच्या भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. कंपनी म्युनिकला पाठवतेय, त्याआधी स्वभावचाचणी घेतली. तीत बहिर्मुखता कमी निघाली आणि सगळ्यांशी जुळवून घेण्याची वृत्ती फार जास्त, तर तिकडे निभेल का? व्हिसा, ब्लू कार्डाचं सगळं सरकारी वेबसाइटवर आहे, ते सांगत बसत नाही. (घरनोंदणीची तारीख मिळवताना मात्र रडकुंडीला येशील.)

माझीही ती स्वभावाचे पाच पैलू मोजणारी चाचणी झाली होती, निकाल तुझ्यासारखाच. जळगाव एमआयडीसीत चार वर्षं साहेबासमोर मान डोलावली, तर लोक म्हणायचे पोरगा गुणाचा आहे. इथे पहिल्याच महिन्यात मॅनेजरने विचारलं, ड्रॉइंग शुक्रवारपर्यंत होईल का? होणार नव्हतं. मी म्हणालो, "होईल, बघतो." आपल्या 'बघतो'त निम्मा नकार असतो आणि तो ऐकणाऱ्याला कळतो. त्याने वहीत 'शुक्रवार' लिहून खाली रेघ मारली. शुक्रवारी सगळ्यांसमोर विचारलं, "मंगळवारीच का नाही सांगितलंस?" रागावला नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला तीन रात्री झोप नाही. सोमवारी हा माझ्यासाठी कॉफी घेऊन हजर!

सालोव्ही आणि मेयर यांनी 1990 साली भावनिक बुद्धिमत्तेची जी व्याख्या केली, तीत दुसऱ्याच्या भावना ओळखण्याइतकंच स्वतःच्या ओळखणंही आहे. साहेबाचा चेहरा वाचण्यात मी पटाईत होतो. आपल्याला राग आलाय की भीती वाटतेय, हे मात्र त्या तीन रात्रींतही मला सांगता आलं नसतं.

ती नोकरी सोडताना कामाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं, 'नेहमी प्रयत्नशील असायचा'. मी आईला फोनवर वाचून दाखवलं, तिने गल्लीत पेढे वाटले. पुढे एका सहकाऱ्याने अर्थ सांगितला: धडपडला, पण जमलं नाही. इथल्या प्रमाणपत्रांची ही ठरलेली भाषा आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

एकटेपणाचं म्हणशील, तर सवय होते. वांगी मिळतात, ओव्हनमध्ये भाजली जातात, फक्त काड्यांवरच्या भरिताचा वास येत नाही. पुढचं विचारू नकोस.

मुलाचं मात्र सलतं. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीतच ठरतं, मूल गिम्नाझियमला (पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला) जाणार की नाही. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली लागते. इथे 1 म्हणजे उत्तम. याची 2.66 आली. वर्गातल्या बोलण्यालाही गुण असतात. बाई म्हणाल्या, हुशार आहे, पण हात वर करत नाही. त्याला कोण शिकवणार हात वर करायला? घरात बाप सगळ्याला हो म्हणणारा. सरासरी कमी पडलेल्यांना गिम्नाझियमसाठी आणखी एक संधी देणाऱ्या तीन दिवसांच्या चाचणीवर्गाला बसवता आलं असतं. बायको म्हणत होती, बसवू. मी म्हणालो, जाऊ दे, बाईंना वाईट वाटेल.

बाईंना कशाला वाईट वाटेल? त्यांनीच तर त्या वर्गाचा कागद माझ्या हातात दिला होता.

तुझी मुलगी दुसरीत आहे म्हणतोस. पहिल्या पालकभेटीला मोडक्या जर्मनमध्ये का होईना, बाईंना सांग की ही घरी खूप बोलते. आमचाही बोलायचा, मी सांगितलं नाही.